नसलेल्या तिसऱ्या मजल्याचा शोध

सोलापुरात कुणाला 'घरी जा बे' म्हटलं, तर तो निदान चहा पिऊन तरी निघतो. के-४० लेसर कटर तेवढंही करत नाही. मूळचा बोर्ड काढून त्यात अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर मोटारी जोडायचं सीएनसी शील्ड आणि मशिन चालवणारं जीआरबीएल फर्मवेअर बसवा, '$एच' टाइप करा, म्हणजे 'घरी जा'. महाराज जागचे हलत नाहीत आणि थोड्या वेळाने 'अलार्म ९' म्हणून मोकळे होतात. म्हणजे घर, मोजमाप जिथून सुरू होतं तो कोपरा, सापडलं नाही.

मग सगळे आधी लिमिट स्विच बदलतात, म्हणजे डोकं घरी पोचलं की दाबला जाणारा स्विच. माझा याला सक्त विरोध आहे. 'आलं' किंवा 'नाही आलं' एवढंच सांगणाऱ्या त्या गरिबाला सुळावर का चढवायचं?

जीआरबीएल १.१ आधी झेडचं, म्हणजे वर-खाली अक्षाचं, घर शोधतं, मग एक्स-वायचं. मिलिंग मशिनला हे शहाणपणाचं, आधी कटर वर उचललेला बरा. पण के-४०ला झेडची मोटारच नसते. दुमजली घरात तिसऱ्या मजल्याचा जिना शोधायचा प्रकार! कॉन्फिगच्या फाइलमध्ये होमिंग सायकल (घर शोधायचा क्रम) शून्य आणि एकच्या चालू ओळी बंद करा, एक्स-वाय एकत्र असलेली शून्यची ओळ तिथे तयारच पडलेली असते ती उघडा आणि फर्मवेअर पुन्हा चढवा. जाताजाता $१३० बघा, म्हणजे एक्सची जास्तीत जास्त धाव. ती मूळची २०० मिमी असते आणि बेड साधारण ३०० मिमीचा. मशिन या धावेच्या दीडपट अंतर शोधून थकतं, म्हणजे ऐन उंबऱ्यावर.

आता शील्ड. व्ही-३ शील्डवरची नावं जुन्या जीआरबीएलची. १.१ मध्ये लेसरची ताकद ठरवणारा पीडब्ल्यूएम सिग्नल ११ नंबरच्या पिनवर गेला आणि झेडचा लिमिट १२वर. त्यामुळे 'झेड लिमिट' अशी पाटी असलेल्या दारामागे लेसर राहतो. जुन्या वाड्याच्या दारावर पूर्वीच्या भाडेकरूची पाटी राहते, तसंच.

स्विच तपासायचा तर लेसरचं एनेबल बटण बंद ठेवा. ट्यूबच्या लाल वायरीत हजारो व्होल्ट असतात, तिच्याशी गंमत नको. मग '?' टाइप करत एकेक पट्टी बोटाने दाबा. उत्तरात 'पीएन'पुढे एक्स किंवा वाय उमटला, तर स्विच निर्दोष. एक्स दाबून वाय आला, तर वायरी अदलाबदल झाल्यात. डोकं उलट्या दिशेला पळालं तर घराची दिशा ठरवणारं $२३ बघा, डावीकडच्या मागच्या घरासाठी बहुधा १. 'अलार्म ८' म्हणजे घरी पोचलं, पण दारातून मागे सरेना. मागे सरायचं अंतर $२७ मध्ये असतं, तिथला १ मिमी वाढवून ३ करा.

स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडा, असा माझा आग्रह आहे. $२१ हे १ असेल, तर वायर तुटताच मशिन थांबतं. नॉर्मली ओपनमध्ये तुटली तर ते 'गर्रर्र' करत फ्रेमवर आपटतं. मात्र मग स्विचचा अर्थ उलटवणाऱ्या $५ला १ द्यावं लागतं आणि झेडचा मोकळा पिन 'दाबलाय' असं ओरडू लागतो. नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी बेल वाजवतंय! तो १२ नंबरचा पिन ग्राउंडला जोडून टाका.

ट्यूब पेटली की 'अलार्म १', म्हणजे स्विच दाबल्याची हाकाटी? तो विजेचा गोंगाट (नॉइज) आहे, गुन्हा नाही. उनोचा आतला पुल-अप, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा, अगदी दुबळा. मोटारीच्या वायरींपासून स्विचच्या वायरी पिळून वेगळ्या न्या, ४.७ किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टला आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पिनवरून ग्राउंडला लावा. तरी ऐकेना तर $२१=० करून स्विच लागताच थांबायचा नियमच बंद करा. छोट्या मोटारी फ्रेमला टेकून गुरगुरतात, मरत नाहीत.

ऑप्टिकल एंडस्टॉप (खाचेतला प्रकाश अडला की 'आलं' म्हणणारा स्विच) असेल तर आधी ब्रशने खाच झाडा. यंत्रमागांच्या शहरात कापसाचे तंतू सगळीकडे पोचतात, त्यावर ॲक्रिलिकचा धूर चिकटतो आणि मशिनला सतत घरी असल्याचा भास होतो.

एवढं जमेपर्यंत मे महिन्यात वीज जातेच. परत आली की मशिन घराचा पत्ता विसरलेलं असतं आणि $२२=१ (होमिंग चालू) असल्यामुळे कुलूप लावून बसतं. '$एक्स'ने कुलूप निघतं. पत्ता मात्र '$एच'लाच विचारावा लागतो.