तांबट, कडुनिंब आणि मार्चमधले गठ्ठे

परवा संध्याकाळी वाचनालयाच्या पायऱ्या चढताना चपलेखाली पिवळी पानं करकरली. दारातल्या कडुनिंबाची पानगळ अजून सरलेली नाही, पण शेंड्यांना तांबूस पालवी फुटलीय, इतकी कोवळी की उन्हात आरपार दिसते. आत सतरंजी अंथरून ग्रंथपाल ताई बसल्या होत्या आणि समोर सुतळीने बांधलेले चार गठ्ठे. मला बघताच म्हणाल्या, "काकू, बरं झालं आलात. ती कात्री घ्या आधी."

सातारा जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. इथे फेब्रुवारीत घाटात काटेसावर फुलते. झाडावर पान म्हणून नसतं, नुसती लालभडक जाड फुलं, आणि त्यातल्या मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची दिवसभर झोंबाझोंबी. मागोमाग पळस आणि पांगारा. मोहोर गळून आंब्याला बारीक कैऱ्या धरतात. पहाटे चारला कोकीळ सुरू होतो. आणि याच दिवसांत वाचनालयात नवी पुस्तकं येतात. लहानपणी मला हे सगळं एकाच घरचं वाटायचं. झाडांना पालवी, कपाटांना पुस्तकं.

खरं कारण ग्रंथनिवड समितीत गेल्यावर कळलं. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयं चालतात ती १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे रक्कम, आणि ती हप्त्यांनी. आमच्याकडे दुसरा हप्ता बहुतेक वर्षी येतो तो आर्थिक वर्ष संपत आल्यावर. मग ३१ मार्चच्या आत पुस्तकं घ्यायची, बिलं लावायची, हिशेब द्यायचा. म्हणजे वर्षभर ज्याची वाट बघायची ती खरेदी पंधरा दिवसांत उरकायची. मद्रास प्रांतात १९४८ साली कायदा झाला तेव्हा त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची सोय केली होती. कर्नाटकातही उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. गावाने कर भरला आणि त्यातला ठरलेला वाटा वाचनालयाला गेला, असं आपल्याकडे होत नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते. ग्रंथपालाच्या हातात जो पगार पडतो त्यात आजच्या काळात घर चालत नाही, हेही त्यातच आलं. ताई बावीस वर्षं हे काम करतायत. त्यांच्याकडे बघितलं की माझं मन भरून येतं.

घाईच्या खरेदीत काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी समितीत नवीन असतानाची गोष्ट. यादी करायला कुणाला वेळ नव्हता. एका विक्रेत्याने सवलत जास्त देतो म्हणून तयार गठ्ठे पाठवले आणि आम्ही घेतले. उघडून बघतो तर यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी एकाच छापाची पुस्तकं, जुन्या कथांचे कागद पिवळे पडलेले संग्रह, एका पाककृतीच्या पुस्तकाच्या तर पाच प्रती. मुलांसाठी काहीच नाही. बिल लागलं, दाखल नोंद वहीत नंबर पडले, कपाट भरलं. त्यातली कितीतरी पुस्तकं आजही तशीच आहेत, तारखेच्या चिठ्ठीवर एक शिक्का नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्या कपाटापुढे उभी राहिले की मला अपराधी वाटतं. सही माझीही होती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलेय. मागणी वही. बहुतेक वाचनालयांत ती असते. आमच्याकडे होती, पण ड्रॉवरमध्ये. ताईंनी ती काउंटरवर आणून ठेवली आणि आम्ही येईल त्याला विचारायला लागलो, तुम्हाला काय वाचायचंय? लोक आधी लाजतात. "तुम्ही आणाल ते वाचू" म्हणतात. जरा थांबलं की मग बोलतात. एसटीतल्या एका कंडक्टरदादांनी किल्ल्यांच्या वाटा सांगणारं पुस्तक मागितलं. पेठेतल्या एका आजींनी सांगितलं, कसलंही चालेल, पण अक्षर मोठं हवं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोघी मुलींनी नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं लिहिली, आवृत्तीच्या वर्षासकट. हळद लावणाऱ्या एका शेतकरी भावाने कंदकुजीवर काही मिळेल का विचारलं. हे असं वर्षभर साठत गेलं की मार्चमध्ये पैसे कितीही उशिरा येऊ देत, यादी तयार असते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक मुलगा आला होता, पाचवीतला. वहीत लिहायचं म्हणाला आणि पेन घेऊन थांबला. पुस्तकाचं नाव त्याला माहीत नव्हतं. पक्ष्याचंही नव्हतं. म्हणाला, "आमच्या घरामागं उंबरावर एक हिरवा पक्षी येतो, कपाळ लाल, गळ्यापाशी पिवळा. दिवसभर टुक टुक टुक करतो, पण चोच उघडतच नाही. तो कोण ते ज्यात असेल ते पुस्तक." मी त्याला नाव तेव्हाच सांगू शकले असते. तांबट. पत्र्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून तांबट. चोच मिटलेलीच असते, गळा तेवढा फुगतो, आणि मान इकडून तिकडे हलते म्हणून आवाज कुठून येतोय ते कळत नाही. जिभेवर आलं होतं, पण बोलले नाही. ताईंनी त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं, "चोच न उघडता ओरडणाऱ्या पक्ष्याचं पुस्तक."

परवाच्या तिसऱ्या गठ्ठ्यात ते निघालं. पक्ष्यांचं रंगीत चित्रांचं, जाड पुठ्ठ्याचं, मराठी नावांसकट. ताईंनी पहिल्या पानावर शिक्का मारला, मग ठरलेल्या आतल्या पानावर दुसरा. दाखल क्रमांक घातला, मागे खळ लावून तारखेची चिठ्ठी चिकटवली, वर हाताने दाबून धरली. मी तोवर प्लॅस्टिकचं कव्हर कापत होते. खिडकीतून कडुनिंबाची पानं आत येत होती, एक तर नोंद वहीवरच पडलं.

नव्या पुस्तकांबाबत माझं आणखी एक ठाम मत आहे. त्यांना कुलूप नको. कितीतरी वाचनालयांत नवी पुस्तकं नोंदी पूर्ण होईपर्यंत म्हणून कपाटात जातात आणि पावसाळा आला तरी बाहेर येत नाहीत. वाचकाला काचेतून पाठ दिसते, हात लागत नाही. पुस्तक हरवेल ही भीती मला समजते, कारण भरपाई ग्रंथपालाच्या डोक्यावर येते. तरीही परीक्षा संपतात एप्रिलमध्ये. मुलं मोकळी होतात ती तेव्हा. त्या दोन महिन्यांत पुस्तक हाती पडलं नाही तर जूनमध्ये पुन्हा शाळा, क्लास, पाऊस. म्हणून आम्ही यंदा रोज पंधरा-वीस पुस्तकांच्या नोंदी करून ती त्याच संध्याकाळी दारासमोरच्या टेबलावर मांडतोय. मोकळी. उचला, चाळा, आवडलं तर न्या. पाडव्यापर्यंत चारही गठ्ठे टेबलावर आलेले असतील.

तो मुलगा काल आला. ताईंनी निरोप धाडला होता. टेबलाशी उभ्या उभ्याच त्याने पानं उलटली, मागून पुढे, आणि एका पानावर थांबला. काही बोलला नाही. बोट चित्रावर ठेवून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "किती दिवस ठेवता येतं?" चिठ्ठीवर पहिला शिक्का त्याच्या तारखेचा पडला.

आमच्या गावातली जी मंडळी हे वाचतायत त्यांना विनंती, वर्गणी थकली असेल तर भरून टाका, आणि १ एप्रिलपासून नवी मागणी वही सुरू होतेय तिच्यात लिहा. पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी चालेल. वही काउंटरच्या उजव्या बाजूला आहे, पेन दोरीने बांधून ठेवलंय. बाहेरगावच्यांनो, तुमच्या वाचनालयातली वही कुठे आहे ते एकदा जाऊन विचारा.