कुठलंही सोनं नायट्रिकमध्ये टाकलं की 24 कॅरेट होतं म्हणे, तर नाही होत

घरी छोटे दागिने बनवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फार फिरतोय. जुनी मोड, कीस, तुटकी अंगठी, काहीही काचेच्या बरणीत घाला, वर नायट्रिक अॅसिड ओता, खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा, दुपारभरात हीण विरघळून 24 कॅरेट सोनं खाली उरेल, आणि राहिलेलं अॅसिड सोडा टाकून बेसिनात ओता. मला दोनदा कुणीतरी पाठवला म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे "कुठलंही सोनं" हेच चूक. 18 कॅरेटमध्ये 75 टक्के सोनं असतं, आतलं तांबं-चांदी त्या सोन्यातच कोंडलेलं असतं, तिथवर अॅसिड पोचतच नाही. मी स्वतः सुरुवातीला 18 कॅरेटचा तुकडा असा टाकून बघितलाय, वरून तपकिरी झाला आणि कापला तर आत जसाच्या तसा. हे जमायला सोनं आधी साधारण पाव हिश्श्यावर आणावं लागतं, म्हणजे 10 ग्रॅम 18 कॅरेटमध्ये 7.5 ग्रॅम सोनं, तर त्यात अजून 20 ग्रॅम चांदी घालून मुशीत एकजीव वितळवायचं आणि मग कुठे अॅसिड. मेसेजमध्ये ही पायरीच नाहीये! काहीजण म्हणतात मग अम्लराज वापरा, तीन भाग हायड्रोक्लोरिक एक भाग नायट्रिक. त्यात सोनं विरघळतं खरं, पण चांदी जास्त असली तर सिल्व्हर क्लोराइडचा थर तुकड्यावर बसतो आणि काम अर्ध्यात थांबतं.

आता खिडकी आणि मास्क, आणि मला खरा राग याचाच येतो. धातू विरघळताना जो लालसर तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, तो वायू आहे, धूळ नाही, साधा मास्क किंवा एन-95 त्याला अडवत नाही. वाईट म्हणजे तेव्हा थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, माणूस जेवून झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. हे काम फ्यूम हूडखालीच, म्हणजे विषारी वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या बंदिस्त कपाटातच, व्हायला पाहिजे, स्वयंपाकघरात तर कधीच नको.

सोडा टाकून बेसिनात ओतायचं तर अजिबात नाही. सोड्याने आम्लपणा जातो, पण त्यातलं तांबं-चांदी कुठे जात नाही, आणि दोन्ही पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत. सोड्याऐवजी अमोनिया सुचवणारेही आहेत, कृपा करून ते करू नका, सोन्याचांदीच्या द्रावणात अमोनिया पडला की नुसत्या धक्क्याने फुटणारे पदार्थ तयार होऊ शकतात.

आणि मुळात 24 कॅरेट हवंय कशाला? इतकं मऊ असतं की खडा धरणारी नखं वाकतात, शेवटी परत तांबं-चांदी मिसळायचंच आहे ना. मी कॅरेटप्रमाणे वेगवेगळ्या डब्या ठेवते, किसातून चुंबक फिरवून कानशीचे लोखंडी कण काढते, डाक (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू) लागलेले सांधे कापून टाकते आणि टाकणखार (बोरॅक्स, धातू नीट वितळावा म्हणून) घालून वितळवते. ज्या तुकड्यावर कुठली डाक आहे ते कळत नाही तो मी वितळवतच नाही, कारण जुन्या डाकेत कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर विषारी असतो, टाकणखारानं तो थांबत नाही. असे तुकडे वेगळ्या डबीत, डबी भरली की थेट रिफायनरीकडे.