पाण्याचा दिवस सोडून कधीही

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ च्या पुढं सरकला की दुपारी बाराला दारं-खिडक्या लागतात आणि आतल्या अंधारात पडल्या पडल्या परगावच्या गप्पा सुरू होतात. महाबळेश्वर, उटी, सिमला. गप्पांना खर्च नसतो. संध्याकाळी वारं सुटलं की विषय आपोआप मिटतो. यंदा आमच्याकडं तो मिटला नाही, कारण लेकीनं त्या अंधारातच मोबाईल काढून सगळ्यांना एक फोटो दाखवला. निळंशार पाणी, पांढरी वाळू, माणूस एकही नाही.

"आई, आपण बेटावर जाऊया."

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. "एवढं पाणी आणि भरायला कुणीच नाही?"

ज्या गावात नळाला पाणी कधी चार दिवसांनी येतं तर कधी पाच, त्या गावच्या बाईनं समुद्राकडं दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघावं? "पाणीच बघायचं असंल तर उजनीला जाऊन या की," असंही त्या म्हणाल्या. पण तोवर लेकीनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला होता. नाव, 'बेट फायनल'. आमच्या घरात 'फायनल' म्हणजे चर्चेला सुरुवात.

मालदीव पहिल्याच फेरीत बाद झालं. पासपोर्ट शोधायला कपाट उघडलं तर नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत संपलेली, माझा निघालेलाच नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो म्हटल्यावर आप्पा, म्हणजे सासरे, उठून बसले. "आपल्याच देशात जायला परवाना? नको." मग दिरांनी गोव्याचं पिल्लू सोडलं. जून २०२५ पासून सोलापूरहून थेट गोव्याला विमान आहे, होटगी रोडला बसायचं आणि तासाभरात समुद्र.

"काका, गोवा बेट नाहीये."

"विमानातनं उतरल्यावर कुणाला कळायलंय?"

शेवटी अंदमान ठरलं ते आप्पांमुळं. त्यांचा नि अंदमानचा संबंध जुना आहे. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते टीव्हीचा आवाज वाढवतात, कारण 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी येते. त्यानंतर महिनाभर ते रोज आभाळाकडं आणि बातम्यांकडं आळीपाळीनं बघतात. "तिथं वेळेवर येतोय म्हणतात. इथं येईतो त्याचं काय होतं ते एकदा तिथनंच बघून येतो. कुठं अडकतोय ते तर कळंल." मग देवघरातल्या पोथीतून त्यांनी एक जुनी, लाल रंगाची वीसची नोट काढली. तिच्या मागच्या बाजूला नारळाची झाडं, समुद्र आणि टोकाला दीपगृह आहे ना, ते चित्र पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेचं. नोट सगळ्यांच्या हातातून फिरली. "आयुष्यभर भाजीवाल्याला दिलंय हे अंदमान," आप्पा म्हणाले. यावर कोण काय बोलणार?

महिना ठरवणं सोपं जाईल अशी माझी समजूत होती. मेमध्ये ऊन, जून ते सप्टेंबर तिथं धो धो पाऊस नि खवळलेला समुद्र, दिवाळीला नणंदा येणार. डिसेंबरात दर दीडपट. जानेवारी हा शब्द उच्चारायची सोय नाही. सिद्धरामेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा, हे सगळं सोडून समुद्रकिनारी कुणी बसलं तर गावात तोंड दाखवता येत नाही. त्यापुढं मुलाच्या परीक्षा. राहिला नोव्हेंबरचा शेवट. आप्पांचा मान्सून तोवर सगळीकडून परत गेलेला असतो, पण ही गोष्ट मी अजून त्यांना सांगितलेली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटाला फाटा फुटला तो पाण्यामुळं. आमच्याकडं कॅलेंडरवर एकादशी, चतुर्थी आणि पाण्याचा दिवस अशा तीन खुणा असतात. पहिल्या दोन छापून येतात, तिसरी सासूबाई निळ्या पेनानं करतात आणि बऱ्याचदा खोडून पुढं सरकवतात. पाणी आलं की घरात एकाला वरच्या टाकीपाशी, एकाला खाली हौदापाशी आणि एकाला मोटारीच्या बटणापाशी उभं राहावं लागतं. मधल्या काळात पिंप, घागर, कळशी, कुकरसुद्धा भरून होतो. सगळे एकदम गावाला गेलो आणि त्यातच पाणी आलं तर? परत आल्यावर अंगाला लागलेली वाळू धुवायची कशानं? सासूबाईंचं म्हणणं एकच, पाण्याचा दिवस सोडून कधीही जाऊ. आता महिनाभर आधीच तो दिवस सांगू शकणारा माणूस सोलापुरात जन्मायचाय.

मग जायचं कसं? आप्पांना हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन तिथून विमान पकडायचं होतं. सोलापूरच्या ज्या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, त्यांची आठवण सांगणाऱ्या गाडीनं निघायचं आणि सेल्युलर जेलच्या दारात उतरायचं, असा त्यांचा हिशोब. त्यावर मात्र कुणी विनोद केला नाही. दिरांनी चेन्नईहून बोट शोधली. स्वस्त, पण तीन दिवस पाण्यावर. आत्यांनी, म्हणजे आप्पांच्या बहिणीनं, लगेच हात जोडले. त्यांना कुंभार्ली घाटातसुद्धा आवळासुपारी लागते. सरतेशेवटी हैदराबाद ठरलं, कारण आमच्या निम्म्या गल्लीचं कुणी ना कुणी हैदराबादला आहेच.

ट्रॅव्हल एजंटानं कागद पाठवला आणि खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली. कागदावर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. विमानाच्या नि फेरीबोटीच्या माहितीत श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप. बेटांची नावं २०१८ साली बदलली, शहराचं २०२४ साली. हे मी समजावून सांगितलं, तरी सासूबाईंना खात्री वाटेना. "पैसे हॅवलॉकचे घ्यायलाय आणि उतरवायलाय दुसरीकडं. नीट विचारून घे." मी विचारलं. त्यानं नीट सांगितलं. मग त्यांनी आत्यांना विचारायला लावलं.

आत्यांचा एकूणच समुद्रस्नानाला विरोध होता. "आता या वयात काय ते कपडे घालून." पण नील बेटावरच्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर आहेत हे कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग तीर्थच की ते!" फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांची ती वस्ती, एवढं मी सांगू शकले. आत्यांनी मात्र दोन हॉटेलं, एक आरती आणि सीतापूरला सूर्योदयाचं स्नान असा स्वतःचा कार्यक्रम वेगळ्या वहीत लिहून काढला.

सूर्योदयाचं प्रकरण असं की, घड्याळ आपलंच, पण अंदमान पूर्वेला १६-१७ अंश पुढं. तिथला सूर्य आपल्या सूर्याच्या तासभर आधी कामाला लागतो आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकान बंद करतो. एजंट म्हणाला, राधानगर बीचवर चारलाच पोचा, नाहीतर सूर्यास्त चुकंल. २००४ साली टाइम मासिकानं आशियातला सगळ्यात छान समुद्रकिनारा म्हणून ज्याचं नाव घेतलं तो हा किनारा. नवऱ्यानं कागद खाली ठेवला. सुट्टीच्या दिवशी तो साडेआठच्या आधी डोळे उघडत नाही. "म्हणजे मी उठून चहा घेईतो निम्मा दिवस संपणार?" आप्पा खूश. साडेपाचला जेवून सातला झोपायचं, आणि तेही पैसे देऊन.

कागदावर एक दिवस 'लीजर' असा लिहिला होता. त्यावर घरात जेवढं बोलणं झालं तेवढं लेकीच्या ॲडमिशनवरही झालं नव्हतं.

"त्या दिवशी काय दाखवणार?"

"काही नाही. आराम."

"आराम? त्याचे पैसे?"

"हॉटेलच्या खोलीचे."

"मग दुपारी झोपायला एवढ्या लांब कशाला? इथं कूलर आहे की."

एजंटाला फोन करून तो दिवस बदलून घेतला. त्यानं त्या जागी बाराटांग टाकलं, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. पहाटे तीनला उठायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. हे ऐकून नवऱ्यानं आरामाच्या बाजूनं एवढं पोटतिडकीनं भाषण केलं की लीजर परत आला. मुलाला शेवटच्या दिवशी स्कूबा हवं होतं, तेही पुढं-मागं करावं लागलं. पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडल्याशिवाय विमानात बसत नाहीत, मध्ये बारा-अठरा तास तरी जावे लागतात. मुलाला पोहता येतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्याला येत नाही. आमच्यात कुणालाच येत नाही.

बॅगांचं अजून महिन्याभरानं बघू म्हणून मी गप्प होते, पण सासूबाई गप्प नव्हत्या. त्यांनी दिवाणातून तीन सोलापुरी चादरी काढल्या.

"आई, हॉटेलात चादरी असतात."

"असतील. पण सोलापुरी असतील कशावरनं?"

माणशी १५ किलोची अट कळल्यावर नवऱ्यानं रद्दीवाल्याला हाक मारून अंगणात बोलावलं. त्यानं काट्याच्या हुकात बॅग अडकवली, दोन्ही हातांनी वर उचलली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "साडेअकरा. ह्यात काय, पितळ हाय?" नुसत्या चादरी, टॉवेल आणि कडक भाकरीचा डबा होता. कडक भाकरी महिना टिकते आणि जगात कुठंही पुरून उरते हे खरं, पण ती मोडू नये म्हणून सासूबाईंनी ती स्टीलच्या डब्यात, डबा टॉवेलात आणि टॉवेल चादरीत गुंडाळला होता. तिकडं माणसं हलके कपडे आणि टोपी नेतात म्हणे.

सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळं ते पेट घेऊ शकतं, म्हणून बॅगेतसुद्धा ठेवू देत नाहीत. शेंगा चटणीत खोबरं नसतं हे सोलापूरवर देवाचे उपकार. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, उखळात कुटून तेल सुटेपर्यंत. दोन किलो निघाली. आत्यांना मात्र सागराची ओटी भरायला खोबऱ्याच्या वाट्या हव्याच होत्या, आणि वाट्या चालत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पाच नारळ आणून ठेवले. अंदमानला नारळ नेणं म्हणजे सोलापुरात येऊन चादर भेट देणं. पण हे त्यांना सांगणार कोण? नवऱ्यानं फक्त रद्दीवाल्याला थांबायला सांगितलं आणि नारळही वजन करून घेतले.

इतकं झाल्यावर पाण्याचा तिढा तेवढा राहिला. शेजारच्या काकूंनी तो चुटकीसरशी सोडवला. "किल्ली द्या, मी भरून ठेवीन. येताना माझ्या देवघराला एक शंख आणा, मोठा." इथं मला तोंड उघडावं लागलं. तिथल्या किनाऱ्यावरून शंख-शिंपले उचलून आणता येत नाहीत. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, विमानतळावर बॅगा बघतात. काकूंचा चेहरा पडला. "मग तुम्ही जाऊन काय उपयोग?"

तेवढ्यात काका आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "हैदराबादवरनं जायलाय का तुम्ही? आमची लेक तिथंच हाय की. एक दिवस आधी जाऊ, तिच्याकडं राहू. आम्ही पण येतो." सासूबाई म्हणाल्या, "या की!" आणि मग लगेच माझ्याकडं बघितलं, कारण आता एका घराचं पाणी भरायचा प्रश्न दोन घरांचा झाला होता.

राहता राहिलं पलीकडचं घर. त्यांच्याशी आमचं बोलणं बंद आहे. कारण अर्थातच मोटार. पाणी आलं की ते थेट लाइनीला मोटार लावतात आणि आमच्या नळातून नुसती हवा येते, यावरून मागं बरीच बाचाबाची झालीय. काकूंचंही त्यांच्याशी तसंच आहे. पण बेटावर जायचं तर कुणीतरी नमतं घ्यायला हवं. म्हणून आज संध्याकाळी नवरा अर्धा किलो शेंगा चटणी घेऊन त्यांच्याकडं गेलाय. चांगला तासभर झाला, अजून परत आलेला नाही. आत्ता ग्रुपवर मेसेज आला, 'बेट फायनल' मध्ये एक नवा नंबर जोडला गेलाय. पाठोपाठ त्या नंबरवरूनच दुसरा मेसेज, "आम्ही चौघं. खिडकीच्या सीटा मिळतील ना?"