आईचा भाडेकरू

जानेवारी आला की ऑफिसातून मेल येतो, करसवलतीचे पुरावे जमा करा. मग एका संध्याकाळी मी तीन पेनं घेऊन बसतो. घरभाड्याच्या बाराही पावत्या एकाच पेनाने लिहिल्या की त्या एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात, ही अक्कल मला ऑफिसातल्या जुन्या खोडांनी दिली. प्रत्येकीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा आणि गठ्ठा आईपुढे सरकवायचा. आई मटार सोलत मालिका बघत असते.

"कसलं हे?"

"ऑफिसचं गं."

ती सह्या ठोकते. फेब्रुवारीच्या पावतीवर तर हिरवा अंगठाही उमटला होता. आणि मार्चचं भाडं तिला जानेवारीतच 'पोहोचलं'.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातली आमची जागा आईच्या नावावर. कागदोपत्री मी तिचा दरमहा 15,000 रुपयांचा भाडेकरू. आईला भाडं देऊन करात सवलत घेणं बेकायदा मुळीच नाही. फक्त ते भाडं द्यावं लागतं. सहा वर्षं मी एवढाच भाग सोडून बाकी सगळे नियम पाळले. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, तोही दिला. वर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बिल न देणाऱ्या दुकानदारांवर तावातावाने बोलणारा मीच. "कर भरतो तो आपण पगारदारच!" या वाक्याला हमखास टाळ्या पडतात.

2025च्या सप्टेंबरात आईला एफडीच्या व्याजावर कापलेला टीडीएस परत हवा होता. खालच्या मजल्यावरचा सीए मुलगा लॅपटॉप घेऊन आला, तिचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे तिच्या पॅनवर नोंदलेल्या कमाईची यादी, उघडलं आणि म्हणाला, "काकू, भाड्याचे 1,80,000 दाखवायचे राहिलेत."

"कुणाच्या भाड्याचे?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

इतर आया असत्या तर रडल्या असत्या. माझी आई कामगार खात्यात 31 वर्षं कारकून होती. तिने चष्मा लावला, पावत्यांच्या झेरॉक्स मागवल्या आणि एकेक उलटी करून बघितली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "हे तर मस्टरचं प्रकरण आहे."

हा मस्टर मी लहानपणापासून ऐकत आलोय. कारखान्याचा मालक रजिस्टरात किमान वेतनाचा पुरा आकडा लिहायचा, कामगाराची सही घ्यायचा आणि हातावर निम्मे टेकवायचा. इन्स्पेक्टर आला की रजिस्टर चोख! "अशा रजिस्टरांचे गठ्ठे बांधण्यात जन्म गेला माझा," आई म्हणाली, "आणि माझ्याच पोराने माझीच सही घेतली. त्यांना निम्मे तरी मिळायचे रे."

मी चाचरत म्हटलं, "पण घरखर्च मीच करतो ना?"

ही घोडचूक. "असं होय! मग माझ्या स्वयंपाकाचं काय?" तिने कॅलेंडर उलटं करून पाठीमागे हिशेब मांडला. किमान वेतन अधिनियम 1948. मुंबई म्हणजे परिमंडळ एक. दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता वेगळा. आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. वाद पेटला तो वर्गवारीवर. मी सुचवलं, अर्धकुशल धरू. बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पुरणपोळी करून बघा एकदा, मग धरा अर्धकुशल." आणि स्वतःच्या अकरा वर्षांच्या थकबाकीसाठी तिने कॅलेंडरचं पुढचं पान फाडून घेतलं.

मोरीतून भांड्यांचा आवाज थांबला. "आजी, माझी सुट्टी कुठली धरायची?" शोभाताईंनी विचारलं. आमच्याकडे त्या नऊ वर्षं आहेत. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यानंतर त्यांच्या वस्तीतल्या बायकांचे नोंदणीचे अर्ज आईनेच भरून दिले होते. त्यांची सुट्टी मात्र आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आली नव्हती, आईच्यासुद्धा. ती जराशी ओशाळली. "रविवार," म्हणाली, "पगारी." रविवारची भांडी कुणी घासायची यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

माझं रिटर्न आधीच गेलं होतं. 31 डिसेंबरच्या आत सुधारित भरता येत होतं, म्हणून त्या मुलाने भाडं दाखवून घेतलेली 1,32,000ची सवलत काढून टाकली. 27,456 रुपये कर, व्याज वेगळं. हा फक्त एका वर्षाचा. मागच्या वर्षांची अपडेटेड रिटर्न जितकी उशिरा, तितका जादा कर, हेही त्याने चहा पिता पिता सांगितलं. आईचं रिटर्न भरताना म्हणाला, "खरंच भाडं मिळालं असतं ना काकू, तरी 30 टक्के वजावट जाऊन तुमच्या पेन्शनवर कर शून्यच आला असता." म्हणजे नुसतं तिला पैसे दिले असते तरी भागलं असतं! हे वाक्य आईने त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आता मी दर एक तारखेला बँकेतून 15,000 पाठवतो. दोन तारीख उजाडली की आई चहाबरोबर विचारते, "आमच्या भाडेकरूचं काही कळलं का?" करारही अकरा महिन्यांचा रीतसर नोंदवायचा म्हणते, डिपॉझिटसकट. शिवाय पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते, हे तिला कुणीतरी सांगितलंय. काल भांडी घासत होतो, तर मागे येऊन उभी राहिली.

"पासपोर्ट साइजचा एक फोटो दे तुझा. आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं. घरातली चालणार नाहीत."