हॅचबॅकला 53 लाख?

दरवेळी हेच, दमदार इंजिनाची छोटी गाडी इकडे आली की किंमत ऐकूनच घाम फुटतो. 2016 ला फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आली, तीन दारांची, जवळपास 26 लाखांना! 2025 ला त्यांचीच गोल्फ जीटीआय, एक्स-शोरूम 53 लाख, वर आरटीओ, इन्शुरन्स वेगळं. गाडी भारीच आहे हो, इंजिनाची ताकद 265 पीएस आहे, पण तयार गाडी बाहेरून आणायची आणि त्यावरची ड्युटी आम्ही का भरायची?

त्यात काल शोरूमवाल्याने माझ्या जुन्या गाडीच्या बंपरवरचा नखाएवढा ओरखडा अंगठ्याने चोळत चोळत एक्सचेंजमधले चाळीस हजार कापले आणि वर मॅट, सीट कव्हरचं पॅकेज कंपल्सरी म्हणे! का पण? मला इंजिन हवंय, चांगलं सस्पेन्शन हवंय, सीट कव्हर कोणी मागितलं होतं?