कोऱ्या जागेत कसली अफवा, मामा?

जूनचा शेवटचा आठवडा आला की तो मेसेज येतोच. यंदा आमच्या मोठ्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचं काही नाही, तिथे रोज सूर्यफुलं आणि सुविचारही येतात. पण त्यांनी तो माझ्या लेकीला वेगळा पाठवला आणि वर लिहिलं, "पत्रकारितेला ॲडमिशन घेतलीस ना? मग आधी हे वाच." तिने मला विचारलं, "आई, हे खरंय का गं?" म्हणून हा खटाटोप.

मेसेज थोडक्यात असा: १९७५ ची आणीबाणी म्हणजे अनुशासनपर्व. गाड्या वेळेवर, भाव खाली. सेन्सॉर होता तो फक्त अफवा आणि दंगली रोखायला, खऱ्या बातमीला कुणी हात लावला नाही. चार-दोन भडकाऊ पत्रकार सोडले तर कुणाला त्रास झाला नाही. कोर्टांनीही ते मान्य केलं. आजच्या विकाऊ मीडियाला तीच मात्रा हवी. शेवटी तीन झेंडे आणि जोडलेले हात.

गाड्यांचं आधी उरकते. मामा रेल्वेत होते, गाड्या वेळेवर धावायच्या म्हणतात, तर धावत असतील. भावही उतरले होते, हेही खरं. पण पंचाहत्तरचा पावसाळा चांगला झाला होता. त्याचं श्रेय सेन्सॉरला द्यायचं असेल तर बोलणंच खुंटलं. आणि एखादी गाडी चार तास रखडली असती, तर ते छापायची परवानगी कुणाकडे मागायची होती?

आता त्या अफवांकडे येऊ. माझं डोकं फिरलं ते इथे.

२५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली. सेन्सॉरचा हुकूम निघाला तो दुसऱ्या दिवशी. म्हणजे कोणती बातमी खरी आणि कोणती अफवा हे कुणी वाचून बघायच्या आधीच छपाईयंत्रं बंद. २८ तारखेला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. एक अक्षर नाही. त्यावर सरकारने काय करावं? सेन्सॉरच्या सूचनांमध्ये हेही घातलं की अग्रलेखाची जागा कोरी सोडायची नाही आणि ती गांधी-टागोरांच्या वचनांनी भरायचीही नाही. मामा, तुम्हीच सांगा, कोऱ्या जागेत कसली अफवा असते? आणि टागोरांच्या कवितेने कुठे दंगल होते?

बरं, संसदेत खासदार उभा राहून बोलतो ते तरी छापता यायचं का? तेही नाही. संसदेचं कामकाज छापणाऱ्या वर्तमानपत्राला संरक्षण देणारा कायदा १९५६ साली फिरोज गांधींच्या प्रयत्नांतून झाला होता. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यादेश काढून तो रद्द केला. फिरोज गांधी म्हणजे खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींचे यजमान, हे मामांना सांगायला नको. पाठोपाठ प्रेस कौन्सिल गुंडाळली. फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, युएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था मोडून एकच 'समाचार' उभी केली. अफवा रोखायला चार वृत्तसंस्थांची एक कशाला करावी लागते? चार जण चार तऱ्हांनी सांगतात, तेव्हाच तर अफवा पकडली जाते.

जाहिरातींचा हिशेब तर बघण्यासारखा होता. माहिती खात्याने वर्तमानपत्रांची प्रतवारी लावली होती: मित्र, तटस्थ, विरोधक. सरकारी जाहिराती त्या प्रतीप्रमाणे. यात खरं-खोटं कुठे आलं? (आणि ही युक्ती वापरायला आणीबाणी जाहीर करावी लागत नाही, हे लेकीला वेगळं समजावलंय.)

किशोरकुमारचं काय? मे १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणीवरून बंद केली. त्याने कुठली अफवा पसरवली नव्हती. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला हातभार लावायला तो तयार झाला नाही, एवढाच गुन्हा. दर लग्नात मामा माईक हातात घेऊन त्याचीच गाणी म्हणतात.

कोर्टांनी मान्य केलं, हे मात्र अर्धं खरं आहे, आणि कबूल करताना जीभ जड होते. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून हायकोर्टात दादही मागता येणार नाही. लाजिरवाणा निकाल होता. पण तो अटकेबद्दल होता. सेन्सॉरबद्दल कोर्ट काय म्हणालं ते बघायला दिल्लीला जायची गरज नाही. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातले अकरा मजकूर मुंबईच्या सेन्सॉरने अडवले. मसानी हायकोर्टात गेले आणि जिंकले. सेन्सॉरने अपील केलं. १० फेब्रुवारी १९७६ ला, म्हणजे आणीबाणी ऐन भरात असताना, न्या. डी. पी. मादन आणि न्या. एम. एच. कानिया यांनी ते फेटाळलं. सगळ्या वर्तमानपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. टीका कडक भाषेत आहे एवढ्यावरून ती अडवता येत नाही, हेही. सेन्सॉरला लोकशाहीची दाई म्हणून नेमलंय, तिची कबर खणायला नाही, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालात आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हा एक निकाल वाचला असता तरी त्याचे निम्मे मुद्दे गळाले असते.

चार-दोन पत्रकार? नंतर जनता सरकारच्या काळात बाहेर आलेला आकडा २५३ अटकांचा आहे. कुलदीप नय्यर त्यातलेच. सात परदेशी वार्ताहरांना देशाबाहेर काढलं ते निराळं. आणि दुर्गाबाई भागवत? त्या काही पत्रकार नव्हत्या. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्यांच्या देखत बाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. यात भडकाऊ काय होतं, हे मामांनी सांगावं.

राहिलं 'कुणाला त्रास झाला नाही'. आणीबाणीतल्या अतिरेकांची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मोजलेल्या स्थानबद्ध आणि अटक झालेल्यांची संख्या एक लाख दहा हजारांच्या वर जाते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. १९ एप्रिल १९७६ ला दिल्लीत तुर्कमान गेटला घरं पाडताना पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

हे सगळं मी मामांना मेसेजवर लिहिणार होते. पण इतकं टाईप करायचा कंटाळा आला, म्हणून फोनच लावला. किशोरकुमारचं ऐकून ते हसले. हायकोर्टाचं ऐकून "असेल" म्हणाले. मग मी विचारलं, "मामा, शहात्तर साली तुम्ही सत्तावीस वर्षांचे होता. रोज दोन पेपर वाचायचात. तुर्कमान गेटचं तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"तेव्हा नाही गं. सत्त्याहत्तरच्या निवडणुकीच्या सभांतून कळलं."

"तेव्हा का नाही?"

"पेपरात कुठे आलं होतं?" म्हणाले. मग जरा वेळ गप्प. मग म्हणाले, मामी हाक मारतेय, ठेवतो.