पादचारी पुलाचं टेंडर, परत एकदा

झालं, परत तेच. पहिल्यांदा टेंडर काढलं तर तीन जण पण आले नाहीत, मग मुदतवाढ, मग फेरनिविदा, आणि आता एकदाचा कोणीतरी घावला तर तो अंदाजपत्रकापेक्षा इतका बिलो की विचारू नका. अरे भो, एवढ्यात सळई तरी येते का? पण टेक्निकल लिफाफ्यात (म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांत) पास झाला की ज्याचा रेट कमी त्याचं काम, संपला विषय. मग वर्षभराने हाच भाववाढ मागणार, नाहीतर खांब उभे करून गायब, आणि त्या खांबांवर भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर (त्याला बरं टेंडर लागत नाही).

इकडे सुरत-नागपूर हायवे, आधीचा नंबर 6 आताचा 53, केळीचे ट्रक सुसाट, आणि मे महिन्याच्या 45 डिग्रीत माझी आई डोक्यावर पदर घेऊन डिव्हायडरवर उभी. बरं नकाशात लिफ्टच नाही, तिच्या गुडघ्यांनी एवढे जिने चढायचे कसे? म्हणजे पूल झाला तरी ती खालूनच जाणार.

वर्क ऑर्डर निघाली का विचारायला गेलो तर साहेब मीटिंगला. मागच्या सोमवारी पण मीटिंगलाच होते.